पत्रावरचे पहिले दोन आकडे वाचा

सिल्वासात नोकरी देतो म्हणणाऱ्याने कंपनीचे लेटरहेड पाठवले, की आधी त्यावरचा जीएसटी क्रमांक बघा. पंधरा अक्षर-अंकांच्या या क्रमांकातले पहिले दोन अंक म्हणजे राज्याचा संकेतांक. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवचा २६, गुजरातचा २४, महाराष्ट्राचा २७. मुख्य कार्यालय मुंबईत असेल तर पत्रावर २७ असू शकतो. पण कारखाना पिपरिया किंवा मसाटमध्ये असल्याचे सांगितले असेल, तर तिथला २६ चा क्रमांक मागा. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की नोंदणीतले नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे फुकट कळते. मात्र खऱ्या कंपनीचा क्रमांक चोरून छापणारेही असतात. म्हणून पत्रातल्या मोबाइलवर नव्हे, कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरील क्रमांकावर विचारा. वापी, भिलाडकडे राहत असाल तर सरळ गेटवरच जा.

इथे बरीच भरती ठेकेदारामार्फत होते. ठेकेदार आहे म्हणजे फसवणूक, असे नाही. पगाराच्या पावतीवर नाव कोणाचे आणि पीएफ कोण भरणार, एवढे लेखी घ्या. ‘कंपनीत परमनंट’ हे तोंडी शब्द आमच्या मते शून्य किमतीचे.

गणवेश, मेडिकल, ‘गेटपास’ अशा नावाने रुजू होण्याआधीच पैसे मागितले, तर बोलणे तिथेच थांबवा. ऑनलाइन पैसे गेलेच असतील, तर लाजून वेळ घालवू नका. ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.