स्विचमध्ये लॉगिन करायचे मार्ग : कोणता कधी कामाला येतो?

मागच्या भागात आपण व्हीलॅन पाहिले. आज पाहू, मॅनेज्ड स्विचमध्ये लॉगिन कसं करायचं.

वसई पूर्वेला गोखिवरे, वालीवकडे गाळ्यागाळ्यांतून छोटे कारखाने आहेत. पावसाळ्यात वीज जाणं तिथं नवीन नाही. जुलै २०१८ मध्ये तर पाण्यामुळे लोकलही थांबल्या होत्या. समजा, अशाच एका ऑफिसात वीज परत आली, स्विचचे दिवे लागले, पण त्याच्या आयपीवर पिंग जात नाही. मग आत शिरायचं कुठून?

कन्सोल पोर्टमधून. लॅपटॉपपासून स्विचपर्यंत थेट केबल. आयपी लागतच नाही. लॅपटॉपला सीरियल पोर्ट नसेल तर यूएसबी अडॅप्टर घ्यायचा. पुटीमध्ये ‘सीरियल’ निवडायचं. सिस्कोच्या स्विचवर नेहमीची सेटिंग अशी : वेग ९६००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १.

बाकीचे मार्ग नेटवर्कवरून जातात. टेलनेट, पोर्ट २३ : यात पासवर्ड उघडाच जातो, म्हणून बंद ठेवायचं. एसएसएच, पोर्ट २२ : सगळी देवाणघेवाण एन्क्रिप्ट होते. फिनलंडमध्ये विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्डचोरी झाली, तेव्हा १९९५ साली एसएसएच जन्माला आलं. सिस्कोवर होस्टनेम, डोमेन नेम, आरएसए की आणि युजर तयार करायचा. मग व्हीटीवाय लाइनवर ‘लॉगिन लोकल’ आणि ‘ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच’ द्यायचं. टेलनेटचं दार तिथंच बंद होतं. ब्राउझर वापरायचा तर एचटीटीपीएसच. देखरेखीसाठी एसएनएमपी असेल तर तिसरी आवृत्ती, एन्क्रिप्शन चालू करून. आधीच्या आवृत्त्यांत कम्युनिटी स्ट्रिंगही उघडीच जाते.

आता आपल्या गाळ्यात झालं काय असेल? एक नेहमीचं कारण म्हणजे सेटिंग केली, पण सेव्ह केली नाही. रनिंग कॉन्फिग रॅममध्ये असते. वीज गेली की ती पुसली जाते. स्विचचा आयपीच गेला, तर एसएसएच आणि ब्राउझर दोन्ही बिनकामाचे. म्हणून बदल तपासला की लगेच ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ द्यायचं आणि कॉन्फिगची एक प्रत बाहेरही ठेवायची.

कन्सोल केबल रॅकजवळच असू द्या, पण रॅकला कुलूप हवं. स्विचला हात लावू शकणारा माणूस पासवर्डही रीसेट करू शकतो. तो कसा करतात, हे पुढच्या भागात पाहू.