न घडलेल्या गोष्टीचें मोजमाप

रात्रीं गस्त घालणारा रखवालदार सकाळीं येऊन सांगूं लागला कीं, "मी रात्रभर हांका मारल्या, म्हणूनच तुमच्या घरीं चोरी झाली नाहीं," तर त्याचें म्हणणें खरें कीं खोटें, हें ठरवावें कसें? चोर मुळींच आला नसेल; आला असेल, पण कुत्र्याच्या भुंकण्यानें परतला असेल; किंवा आपलें घर सोडून शेजारच्या आळींत शिरला असेल. झालेल्या चोरीचा पंचनामा करतां येतो. न झालेल्या चोरीचा पंचनामा कोण करणार? दहशतवादाला आळा घालण्यासाठीं जगांतील राष्ट्रें जे नाना उद्योग करीत आहेत, त्यांच्यापुढें हाच प्रश्न उभा आहे. त्या उद्योगांवर मोठा पैसा खर्च होतो आणि निरपराध माणसांचे प्राण त्यांवर अवलंबून असतात. तेव्हां त्यांतील कोणता उपाय खरोखर गुणकारी, कोणता नुसता दिखाऊ आणि कोणता अपायकारक, हें कसें पारखतात, याची माहिती विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

राजकीय अथवा धार्मिक हेतु पुढें करून सामान्य माणसांवर हिंसा करावयाची व त्या योगें साऱ्या समाजांत भय पसरवावयाचें, यास स्थूलमानानें दहशतवाद म्हणतात. सर्व राष्ट्रांस मान्य होईल अशी त्याची काटेकोर व्याख्या अजूनही ठरलेली नाहीं. परंतु त्याविरुद्ध एकत्र येण्याचा प्रयत्न मात्र जुना आहे. ता. ९ ऑक्टोबर १९३४ रोजीं फ्रान्समधील मार्सेय शहरीं युगोस्लाव्हियाचा राजा अलेक्झांडर याजवर गोळ्या झाडण्यांत आल्या. त्या प्रसंगीं राजा व फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री लुई बार्थू हे दोघेही प्राणांस मुकले. त्यानंतर राष्ट्रसंघानें १९३७ सालीं दहशतवादाचा प्रतिबंध व शिक्षा यांविषयीं एक करार तयार केला. २४ राष्ट्रांनीं त्यावर सह्या केल्या. परंतु रीतसर मंजुरी दिली ती एकट्या हिंदुस्थान सरकारनें, आणि तीही ब्रिटिश अंमलांत. करार अमलांत आलाच नाहीं. पुढें संयुक्त राष्ट्रसंघाच्या सभासद राष्ट्रांनीं मिळून एक समान धोरण मान्य केलें, तो दिवस ता. ८ सप्टेंबर २००६ हा होय. त्या धोरणाचे चार भाग आहेत. दहशतवाद ज्या परिस्थितींत फोफावतो ती परिस्थिति सुधारणें हा पहिला भाग, आणि मानवी हक्क व कायद्याचें राज्य यांचें रक्षण करणें हा चौथा.

धोरण ठरलें, पैसा उभा राहिला, कार्यक्रम सुरू झाले. पण त्यांचा गुण येतो कीं नाहीं, हें कोण पाहतें? त्याच २००६ सालीं सिंथिया लम या अमेरिकन विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं दहशतवादावरील वाङ्मय चाळून पाहिलें. २०,००० हून अधिक लेख व ग्रंथ निघाले. परंतु ज्यांत एखाद्या उपायाची बऱ्यापैकीं कसोशीनें परीक्षा केली आहे, असे निघाले अवघे ७! रोग भयंकर, औषधें अनेक, आणि औषधाचा गुण तपासणारा मात्र क्वचित्, अशी ही स्थिति होती.

त्या मोजक्या अभ्यासांतून निघालेली एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. १९७३ सालापासून अमेरिकेच्या विमानतळांवर प्रवाशांची धातुशोधक यंत्रानें तपासणी होऊं लागली, आणि विमानें पळविण्याचे प्रकार स्पष्टपणें घटले. एवढेंच पाहिलें तर उपाय यशस्वी झाला म्हणावयाचा. परंतु वॉल्टर एंडर्स व टॉड सँडलर या अर्थशास्त्रज्ञांनीं इतर गुन्ह्यांचेही आंकडे शेजारीं मांडले, तेव्हां दिसून आलें कीं, माणसें ओलीस धरणें, व्यक्तींचे खून करणें असले प्रकार वाढले होते. एक दार बंद होतांच चोर दुसऱ्या दाराकडे वळला होता. म्हणून यंत्रें काढून टाकावींत असें नव्हे. एका दाराकडे पाहून साऱ्या घराचा हिशेब करूं नये, हा त्यांतील धडा.

मग खरी परीक्षा कशी करावी? तिचें मर्म तुलनेंत आहे. शेतकीच्या प्रयोगक्षेत्रांत एकाच जमिनीचे दोन सारखे वाफे करून एकास नवें खत घालतात व दुसऱ्यास घालीत नाहींत. पिकांत जो फरक दिसेल तो खताचा गुण. माणसांच्या बाबतींत असें करणें अवघड आहे, पण अशक्य नाहीं. याचें एक प्रसिद्ध उदाहरण दहशतवादाविषयींचें नसून मुलांच्या गुन्हेगारीविषयींचें आहे. परंतु कोणत्याही प्रतिबंधक कार्याला तें लागू पडतें, म्हणून येथें सविस्तर सांगतों.

अमेरिकेंत बोस्टन शहराजवळ केंब्रिज व सॉमरव्हिल अशीं दोन गांवें आहेत. तेथें डॉ. रिचर्ड कॅबट या परोपकारी वैद्यांच्या पुढाकारानें १९३९ सालीं एक कार्य सुरू झालें. वय, घरची स्थिति, स्वभाव इत्यादि बाबतींत एकमेकांशीं जुळणाऱ्या मुलांच्या जोड्या लावल्या, आणि प्रत्येक जोडींतील कोणत्या मुलास मदत द्यावयाची हें नाणें उडवून ठरविलें. ज्याच्या वांट्यास मदत आली त्याच्या घरीं सल्लागार जात, अभ्यासांत साह्य करीत, औषधपाणी पाहत, सुटींत शिबिरास पाठवीत. हें सरासरी पांच वर्षांहून अधिक काळ चाललें. जोडींतील दुसऱ्या मुलास यांपैकीं कांहींच मिळालें नाहीं. ५०६ मुलांच्या या अभ्यासाचा दूरचा परिणाम जोन मॅकॉर्ड या विदुषीनें सुमारें ३० वर्षांनीं शोधून काढला व १९७८ सालीं प्रसिद्ध केला. मदत मिळालेल्यांपैकीं पुष्कळांनीं, त्या कार्याचा आपणांस उपयोग झाला, असें कृतज्ञतेनें सांगितलें. परंतु सरकारी व दवाखान्यांतील नोंदी पाहिल्या, तेव्हां चित्र उलटें दिसलें. गुन्हे घटले नव्हतेच. शिवाय दारूचें व्यसन, मनाच्या ताणाचीं दुखणीं, अकालीं मृत्यु आणि पुनः गुन्हा करणें या गोष्टी मदत मिळालेल्यांतच अधिक आढळल्या. पुढील तपासांत असें दिसलें कीं, ज्यांना वारंवार शिबिरांस पाठविलें होतें त्यांची गत विशेष वाईट झाली. एकत्र जमलेलीं वांड मुलें एकमेकांपासून वांडपणाच शिकलीं असावींत, असा तर्क निघाला. तुलनेसाठीं दुसरा गट नसता, तर केवळ त्या कृतज्ञतेच्या उद्गारांवरून हें कार्य आदर्श ठरलें असतें. सद्हेतु हा यशाचा पुरावा नव्हे, हें इतक्या स्पष्टपणें क्वचितच दिसून येतें.

हीच रीत अलीकडे दहशतवादाच्या प्रश्नालाही लावण्यांत आली आहे. बेकार तरुणास धंदा शिकविला कीं तो बंदुकीकडे वळणार नाहीं, ही समजूत सर्वत्र दृढ आहे. अफगाणिस्तानांतील कंदाहार येथें मर्सी कोअर या संस्थेनें चालविलेल्या धंदेशिक्षणाच्या कार्याची अशी परीक्षा झाली व तिचा निकाल २०२० सालीं प्रसिद्ध झाला. २०२१ सालीं तालिबानांचें राज्य पुनः आलें, त्याच्या पूर्वींची ही गोष्ट. २,५०० हून अधिक तरुणांची पाहणी करण्यांत आली. कांहींना धंदेशिक्षण, कांहींना एकदांच थोडी रोख रक्कम, कांहींना दोन्ही आणि कांहींना यांपैकीं कांहींच नाहीं, अशी वांटणी दैवावर सोपवून केली होती. नुसत्या शिक्षणाचा म्हणण्यासारखा परिणाम झाला नाहीं. नुसत्या पैशानें सरकारविषयींची आपुलकी आधीं वाढली, पण पैसा संपल्यावर ती झपाट्यानें ओसरली. दोन्ही मिळालेल्या तरुणांत मात्र चांगला परिणाम कित्येक महिन्यांनंतरही टिकून होता. सारा पैसा नुसत्या वर्गांवर किंवा नुसत्या देणग्यांवर खर्च केला असता, तर तो बहुतांशीं वायां गेला असता.

शिवाय मूळ कारण नीट ओळखलें नाहीं, तर उपायाची गत आग सोमेश्वरीं आणि बंब रामेश्वरीं अशी होते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमानें २०१७ सालीं आफ्रिकेविषयीं एक अहवाल प्रसिद्ध केला. नायजेरिया, सोमालिया, केनिया आदि देशांतील हिंसक संघटनांत आपखुषीनें गेलेल्या ४९५ जणांस, शेवटीं तुम्हीं हें पाऊल कशामुळें उचललें, असा प्रश्न विचारला होता. शेंकडा ७१ जणांनीं सरकारच्या एखाद्या कृत्याकडे बोट दाखविलें. आप्ताचा किंवा मित्राचा वध अथवा त्याची अटक, अशीं तीं कृत्यें होतीं. २००६ च्या धोरणांत कायद्याच्या राज्यास एक स्वतंत्र भाग कां दिला, हें या एका आंकड्यावरून ध्यानांत येईल. अंदाधुंद बळजबरीनें आग विझत नाहीं, तिला नवें सरपण मिळतें.

आतां डेन्मार्कमधील ऑर्हूस या शहराकडे वळूं. तेथून २०१३ सालापर्यंत सुमारें ३० तरुण सीरियांतील युद्धांत गेले. २०१४ सालीं मात्र एकच गेला. तेथील पोलीस, नगरपालिका व शाळा यांनीं २००७ सालापासून एकत्र काम चालविलें आहे. वाट चुकूं पाहणाऱ्या तरुणास एक अनुभवी मार्गदर्शक जोडून द्यावयाचा, शिक्षण व नोकरी मिळण्यास हात द्यावयाचा, चिंताक्रान्त आईबापांचे मेळावे भरवावयाचे, आणि ज्यानें गुन्हा केला नसेल त्यास परत आल्यावर समाजांत सामावून घ्यावयाचें, अशी त्यांची पद्धत. या पद्धतीची कीर्ति जगभर झाली. परंतु चिकित्सक मनुष्य विचारील: संख्या घटली ती या कामामुळेंच काय? आंकडे लहान आहेत, आणि शेजारीं ठेवून पाहण्यास दुसरा वाफा नाहीं. कावळा बसण्यास आणि फांदी मोडण्यास एकच गांठ पडली, असेंही झालें असेल. तेव्हां, पद्धत आशादायक खरी, पण सिद्ध झालेली नव्हे, एवढेंच प्रामाणिकपणें म्हणतां येईल.

परीक्षा पुरेसा काळ चालली नाहीं तर काय होतें, हें सौदी अरबस्तानांत दिसलें. बंदिवानांशीं धर्मचर्चा करून, त्यांच्या कुटुंबांस साह्य करून त्यांस सुधारण्याचें काम तेथें २००४ च्या सुमारास सुरू झालें, आणि आरंभीं त्याच्या यशाची फार वाखाणणी झाली. परंतु त्यांतून बाहेर पडलेला सईद अल-शिहरी हा जानेवारी २००९ मध्यें येमेनमधील अल्-कायदाचा दुय्यम पुढारी म्हणून उघड झाला. एका माणसावरून सारें कार्य फुकट ठरत नाहीं. परंतु बंदिवान सुटला त्या दिवशीं हिशेबाची वही मिटणें बरें नव्हे, हें त्यावरून शिकावें.

आम्हां शिक्षकांस जवळचें वाटणारें उदाहरण ब्रिटनचें आहे. तेथील प्रतिबंधक कार्यक्रमाची तपासणी करून सरकारनेंच २०११ सालीं कबूल केलें कीं, समाजांत ऐक्य वाढविणें आणि दहशतवाद रोखणें या दोन भिन्न कामांची आपण गल्लत केली. इतकेंच नव्हे, तर कांहीं पैसा ज्यांचा प्रतिकार करावयाचा त्याच जहाल संघटनांच्या हातीं गेला. सरकारनें आपली चूक अशी छापून प्रसिद्ध करावी, हें दुर्मिळ आहे. पुढें २०१५ च्या कायद्यानें, मुलें दहशतवादाकडे ओढलीं जाऊं नयेत म्हणून दक्ष राहण्याचें कर्तव्य शाळांवर घालण्यांत आलें. त्यावर आक्षेप असा कीं, गुरुजी आपल्यावर पाळत ठेवतात असें वाटूं लागल्यास मुलें वर्गांत मन मोकळें करणार नाहींत. आणि जी शंका वर्गांत विचारतां येत नाहीं, ती विचारण्यास मुलगा कोठें जाईल, हें सांगवत नाहीं. हा आक्षेप सहज उडवून देण्यासारखा नाहीं. कोणत्याही उपायाच्या जमेबरोबर त्याचा असा खर्चही मांडला पाहिजे.

असे धडे एका देशानें दुसऱ्यास सांगावे यासाठीं २०११ सालीं जागतिक दहशतवादविरोधी मंच स्थापन झाला; भारत त्याच्या संस्थापक सभासदांपैकीं एक आहे. बंदिवानांच्या सुधारणेविषयींचे अनुभव त्या मंचानें २०१२ सालीं रोम येथील एका निवेदनांत एकत्र केले. महाराष्ट्राचा या विषयाशीं संबंध किती जवळचा आहे, हें सांगावयास नको. ता. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यांत मुंबईंत १६६ लोक बळी पडले. त्या हल्ल्यांत सांपडलेल्या ताजमहाल हॉटेलांतच ता. २८ ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरक्षा मंडळाच्या दहशतवादविरोधी समितीची बैठक भरली होती. अशा बैठकींत राष्ट्रें आपलें यश आनंदानें सांगतात. अपयश सांगण्यास संकोचतात. परंतु केंब्रिज-सॉमरव्हिलचा निकाल जर कपाटांत कुलूपबंद राहिला असता, तर तीच चूक किती गांवांनीं केली असती! दुसऱ्याच्या ठेचेनें शहाणें व्हावयाचें, तर पहिल्यानें आपली ठेंच लपवितां कामा नये.

विद्यार्थिमित्रहो, उद्यां तुमच्यांपैकीं कोणी अधिकारी, कोणी पत्रकार, कोणी समाजसेवक व्हाल. कोणी तुम्हांस सांगितलें कीं, आमच्या उपायानें हिंसा थांबली, तर तीन गोष्टी नम्रपणें विचारा: तुलना कोणाशीं केली? किती वर्षें पाहिलें? आणि चोर दुसऱ्या दारानें तर शिरला नाहीं ना? पालकांस एवढीच विनंति कीं, ऑर्हूसच्या आईबापांचें उदाहरण ध्यानांत ठेवावें. मुलगा एकाएकीं अबोल झाला, जुने मित्र तोडूं लागला, तर लाजेनें गोष्ट झांकून ठेवूं नये व रागानें त्यास घराबाहेरही काढूं नये. दुसऱ्या पालकांशीं व त्याच्या शिक्षकांशीं वेळींच बोलावें. या बोलण्यानें काय टळलें, याचा आंकडा कोणत्याही अहवालांत येणार नाहीं. तरी तें बोलणें टाळूं नये.