कर्ण्याची तीन छिद्रे

वाद्य म्हटले की त्याला पडदे असावेत, पट्ट्या असाव्यात, निदान बासरीसारखी सहा-सात छिद्रे तरी असावीत, अशी आपली साधी अपेक्षा असते. सतराव्या-अठराव्या शतकांतल्या युरोपात मात्र असे एक वाद्य होते की त्याला यांपैकी काहीच नव्हते. सात-आठ फूट लांबीची पितळी नळी, ती वळवून हातात मावेल एवढी केलेली. एका टोकाला ओठ लावण्याची वाटी, दुसऱ्या टोकाला फुललेले तोंड. बस्स! बोटांना काम म्हणून नाही. सारा कारभार ओठांचा आणि श्वासाचा. हा 'नैसर्गिक ट्रम्पेट'. सोयीसाठी आपण त्याला कर्णा म्हणू. आपली तुतारी याच कुळीतली. पण तुतारी ललकारी देऊन थांबते, तर या कर्ण्याकडून योहान सेबास्टियन बाखने चक्क गाऊन घेतले.

ते कसे, हे तंबोऱ्याच्या देशात सांगणे फारसे अवघड नाही. खर्जाची तार छेडली की कोणी न लावलेला गंधार तिच्यातून आपोआप ऐकू येतो. एका नादाच्या पोटात असे अनेक नाद क्रमाने दडलेले असतात. कर्णेवाला ओठांचा ताण बदलून हेच नाद एकेक करून बाहेर काढतो. खाली ते फार विरळ असतात: सा, प, पुन्हा सा, मग ग, प. आठव्या नादापासून पुढे मात्र ते एकमेकांना खेटून येतात आणि सरगम जुळू लागते. तिथवर चढून तिथे सहज वावरणे, हीच त्या काळच्या वादकाची खरी विद्या.

पण निसर्गाने इथे एक खोडी करून ठेवली आहे. अकरावा नाद धड शुद्ध मध्यम नाही आणि धड तीव्र मध्यमही नाही; दोहोंच्या जवळजवळ मधोमध. तेरावा नाद शुद्ध धैवताला कमीच पडतो. जुने वादक हे हट्टी स्वर ओठांनी ओढून वळणावर आणीत.

लाइपझिगचा गॉटफ्रीड राइखे हा अशा वादकांचा शिरोमणी. बाखच्या कितीतरी रचना त्याच्या भरवशावर लिहिल्या गेल्या. 5 ऑक्टोबर 1734 रोजी रात्री राजासमोर मशालींच्या उजेडात बाखची नवी रचना सादर झाली. दुसऱ्या दिवशी सदुसष्ट वर्षांचा राइखे रस्त्यातच कोसळला आणि गेला. आदल्या रात्रीचे श्रम आणि मशालींचा धूर त्याला बाधला, असे तेव्हाच्या बखरकाराने नोंदवले आहे.

राइखेमागोमाग त्याची विद्याही गेली. कर्णेवाल्यांच्या संघाला 1623 साली सम्राटाची सनद मिळाली होती. विद्या गुरूकडून शिष्याकडे तोंडी जाई. दरबार आटले, तसे संघही विरले. योहान अर्न्स्ट आल्टेनबुर्ग हा कर्णेवाल्याचाच मुलगा, पण त्याला चर्चमध्ये ऑर्गन वाजवून पोट भरावे लागले. 1795 साली त्याचा या कलेवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला तो ती विझत असताना. पुढे 1815 च्या सुमारास जर्मनीत कळांची युक्ती निघाली आणि उरलीसुरली गरजही संपली. न्युरेंबर्गच्या कारागिरांचे कर्णे संग्रहालयांत राहिले, बाखच्या वह्या राहिल्या. नाहीसा झाला तो त्यांना जोडणारा श्वास.

विसाव्या शतकात जुने संगीत जुन्याच वाद्यांवर वाजवण्याची ओढ लागली. 1953 साली निकोलाउस हार्नोन्कूर्ट यांनी व्हिएन्नात त्यासाठी वाद्यवृंद उभारला. आतड्याच्या तारांची व्हायोलिने आली, लाकडी बासऱ्या आल्या. अडले ते कर्ण्यापाशी. तेव्हा 1960 च्या सुमारास ओटो स्टाइनकोफ आणि हेल्मुट फिंके यांनी राइखेच्या चित्रातल्या वेटोळ्या कर्ण्याच्या धर्तीवर एक कर्णा घडवला आणि त्याला हळूच तीन बारीक छिद्रे पाडली. योग्य छिद्र उघडले की शेजारचा नको असलेला नाद दूर होतो, हट्टी मध्यम सरळ येतो. आज मैफिलींत दिसणाऱ्या बहुतेक 'बरोक' कर्ण्यांना अशी तीन-चार छिद्रे असतात.

आणि इथेच तंटा आहे. बाखच्या काळी ही छिद्रे नव्हती. ती हवीत म्हणणारे सांगतात, ध्वनिमुद्रिकांनी लोकांचे कान लाडावले आहेत. एक स्वर निसटला तरी वादकाचे नाव जाते. उलट ज्याँ-फ्राँस्वा मादफ यांच्यासारखे वादक बिनछिद्राच्या कर्ण्यावर बाखची अवघड रचना वाजवून दाखवतात आणि बाझेलच्या विद्यालयात शिष्यांनाही तेच शिकवतात.

पोट ज्याच्या त्याच्या मागे आहे. छिद्रे वापरणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. पण जन्मभर जुनी मराठी शिकवल्यामुळे असेल, माझा कौल मादफ यांच्या बाजूने पडतो. पोथीतला अडणारा शब्द संपादकाने सोपा केला की वाचन सुरळीत होते. मात्र कवीने तिथे वाचकाला मुद्दाम अडवले होते की काय, हे कधीच कळत नाही. बाखच्या 1723 सालच्या एका कांताटेत माणसाच्या प्रेमातल्या अपुरेपणाची विनवणी आहे, आणि तिच्या साथीला कर्णा आहे. त्याला नेमके न सोसणारे स्वर बाखने जाणूनबुजून दिले, असे जॉन एलियट गार्डिनर यांच्यासारखे जाणकार मानतात. ती धडपड छिद्राने गुळगुळीत केली, तर अपुरेपण उरते कुठे?

खुद्द परीक्षा घ्यायची असेल, तर 1721 साली अर्पण केलेल्या बाखच्या सहा ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तोंपैकी दुसरा ऐका. त्यात कर्ण्याच्या जोडीला नाजूक बासरी, ओबो आणि व्हायोलिन आहे. कळांच्या आधुनिक ट्रम्पेटापुढे बासरी सहज दबून जाते. लांब नळीचा जुना कर्णा त्या उंचीवर मऊ होतो, शेजारणीला जागा देतो. चौघांची बोलाचाली मग स्पष्ट ऐकू येते. मध्येच एखादा स्वर थरथरला, तर चुकले म्हणून लगेच मान हलवू नका. नुसत्या श्वासावर पेललेला तो स्वर आहे. तो पेलण्याची रीत पुन्हा शोधून काढायला माणसांना दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला.