उशिराचा धनी कोण?

खिशातलं यंत्र : लेखांक ७

बेळगावहून चोर्ल्याच्या रस्त्याने गोव्याकडे निघालं, की घाट उतरायच्या आधी कणकुंबी लागतं. मलप्रभा इथे उगम पावून पूर्वेला जाते, आणि गावाच्या पलीकडचं पाणी म्हादईला मिळून पश्चिमेला. पाण्यासारखीच मोबाइलच्या रेंजचीही इथे वाटणी आहे. गाव खानापूर तालुक्यातलं, म्हणून कर्नाटक सर्कलमधलं. हद्द ओलांडून गोव्यात शिरलं की महाराष्ट्र सर्कल सुरू होतं, कारण दूरसंचार खात्याच्या नकाशावर गोवा महाराष्ट्रातच मोडतो. वर डोंगर, दाट झाडी आणि जूनला लागला की सप्टेंबरपर्यंत हटायचं नाव न घेणारा पाऊस. अशा जागी फोन चांगला की वाईट हे जाहिरातीतला कॅमेरा ठरवत नाही. मिळेल तेवढ्या रेंजमधून तो किती काम काढून घेतो, त्यावर ते ठरतं. टॉवर आणि सिम यांच्याबद्दल या लेखमालेत आधी लिहून झालं आहे. आज त्यांच्या मधली एक अडचण घेऊ. रेंज असते, फोनात यंत्रणा असते, रिचार्जही केलेला असतो, आणि तरी सोय चालत नाही. विचारलं तर उत्तर मिळतं, ‘अपडेट अजून आलेलं नाही.’

ही अडचण अगदी उघड दिसते ती फोन लावताना. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात ४जी लिहिलेलं असतं. हिरवं बटण दाबलं की काही सेकंद कानात नुसती शांतता. मग ४जी जाऊन तिथे ‘एच’ किंवा ‘ई’ असं एक अक्षर येतं आणि त्यानंतर रिंग ऐकू येते. त्या ‘ई’वर बोलणं चालू असेपर्यंत व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो घड्याळाच्या खुणेपाशी अडकून राहतो. फोन ठेवला की ४जी परत. झालेलं असतं ते एवढंच, की बोलण्यापुरता फोन ४जी सोडून जुन्या ३जी किंवा २जीच्या आसऱ्याला गेला. ४जीवरूनच बोलण्याच्या पद्धतीला व्होल्टे म्हणतात, आणि तिच्यासाठी फोनला प्रत्येक नेटवर्क कंपनीचे बारकावे आधी माहीत असावे लागतात. आवाजाचा सर्व्हर कुठला, त्याला ओळख कशी पटवायची, टॉवर बदलताना चालू बोलणं कसं सांभाळायचं. हे सगळं एका छोट्या फायलीत असतं. जिओची फाइल वेगळी, एअरटेलची वेगळी, बीएसएनएलची वेगळी. फोन बनवणारी कंपनी ती फोनात घालते. पण घालते ती नेटवर्कवाल्यांबरोबर चाचण्या होऊन दोघांचं जमल्यावर. जमेपर्यंत फोनातली यंत्रणा कुलूपबंद. हे कुलूप किती पातळ आहे ते शाओमीच्या बऱ्याच फोनांवर दिसून आलं. डायल करायच्या पाटीवर *#*#८६५८३#*#* दाबलं, की नेटवर्क कंपनीची तपासणी बंद केल्याची एक ओळ पडद्यावर उमटते आणि व्होल्टेचं बटण अवतरतं. जुन्या कीपॅडवर ८, ६, ५, ८, ३ या आकड्यांखालची अक्षरं पाहिली तर त्यातून ‘व्होल्टे’चं इंग्रजी स्पेलिंग निघतं. फोनात नव्याने काहीच बसवलं जात नाही. जे होतं त्याच्यावरचा पहारा तेवढा उठतो, आणि मग सोय चालली तर चालली.

आपल्याकडे या फायलीचं महत्त्व लोकांना कळलं ते ५ सप्टेंबर २०१६ला जिओ सुरू झाल्यावर. जिओकडे २जी-३जी नव्हतंच, त्यामुळे मागे सरकून बोलण्याची सोयच नव्हती. ज्या ४जी फोनात जिओचं व्होल्टे नाही त्याला कंपनीचं वेगळं ॲप टाकून त्यातून बोलावं लागे. पुढच्या सप्टेंबरात एअरटेलने मुंबईपासून व्होल्टे सुरू केलं, आणि तेव्हा एक गंमत उघडी पडली. जिओवर व्होल्टे नीट चालणारा तोच फोन एअरटेलच्या सिमवर मात्र व्होल्टेपुरता मुका. यंत्र तेच, फाइल नाही. मग २०१९पासून एअरटेलने आपलं ३जी गुंडाळायला घेतलं, तेव्हा अशा फोनांना मागे सरकायला एकदम २जीच उरलं.

सर्वांत मोठा गाजावाजा झाला तो २०२२मध्ये. १ ऑक्टोबरला ५जीचं उद्घाटन झालं, एअरटेलने आठ शहरांत सेवा चालू केली, पाठोपाठ जिओने चार शहरांत चाचणी मांडली. ‘५जी’ असं खोक्यावर ठळक छापलेले फोन तोवर लाखो खिशांत होते. ॲपलचा पहिला ५जी फोन, आयफोन १२, ऑक्टोबर २०२०मध्येच आला होता. तोवर देशात ५जी नव्हतंच, तेव्हा त्या दोन वर्षांचा दोष कुणाच्या माथी मारता येत नाही. पण सेवा सुरू झाल्यावरही आयफोन आणि इतर अनेक कंपन्यांचे फोन ४जीवरच बसून राहिले. त्यात एअरटेलचं ५जी जुन्या ४जीच्या आधाराने चालणारं आणि जिओचं स्वतंत्र, म्हणजे दोन वेगळी जुळवाजुळव. शेवटी १२ ऑक्टोबरला सरकारी अधिकाऱ्यांनी फोन कंपन्या आणि नेटवर्क कंपन्या यांना समोरासमोर बसवलं. सॅमसंगने नोव्हेंबरच्या मध्याचा वायदा केला, ॲपलने डिसेंबरचा, आणि १३ डिसेंबरला आयओएस १६.२ आलं तेव्हा आयफोनवर ५जी उजाडलं. सुमारे दहा आठवडे. एवढ्या गुंतागुंतीच्या कामाला दहा आठवडे फार नाहीत, असं माझं मत आहे. लक्षात राहण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. तारीख बाहेर आली ती सरकारने विचारल्याच्या सुमारास. आपण पैसे मोजून घेतलेल्या फोनातली सोय कधी चालू होणार, हे गिऱ्हाइकाला कळायला बातम्या वाचाव्या लागल्या.

या साऱ्यातून मला एकच गोष्ट मांडायची आहे. लोकांचा संताप उशिरावर दिसत असला तरी तो उशिरापेक्षा त्याच्या बेवारसपणावर आहे. फोनवाल्यांना विचारलं तर ते नेटवर्ककडे बोट दाखवतात, नेटवर्कवाले फोन कंपनीकडे, आणि दोघे मिळून कधीकधी चिप बनवणाऱ्याकडे. उलट धनी माहीत असलेला उशीर लोक निभावून नेतात, याला आपल्याच देशातलं उदाहरण आहे. जुलै २०१७मध्ये दीड हजारांच्या परतीच्या अनामतीवर जाहीर झालेला जिओफोन हा फोनही कंपनीचा आणि नेटवर्कही कंपनीचं, असा मामला. त्यात व्हॉट्सॲप नव्हतं. ते १५ ऑगस्ट २०१८ला येणार असं जाहीर झालं आणि प्रत्यक्षात १० सप्टेंबरला येऊ लागलं. फोन निघाल्यापासून वर्षाहून अधिक आणि दिलेल्या तारखेनंतर पंचवीसेक दिवस. कुरकुर झालीच असणार, पण ती कुणाकडे करायची याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. वायदा करणारा एक, चुकवणारा तोच, आणि पाळणाराही तोच.

अमेरिकेत धनी वरवर स्पष्ट होता, पण त्याच्यावर दबाव नव्हता. तिथे फोन बहुधा नेटवर्क कंपनीच्याच दुकानातून, करारावर मिळायचा. म्हणून नव्या सॉफ्टवेअरला त्या कंपनीची मंजुरी लागे आणि अँड्रॉइडचं अपडेट महिनोन् महिने तिच्या टेबलावर पडून राही. मे २०११मध्ये गूगलने बड्या फोन आणि नेटवर्क कंपन्यांना एकत्र आणून नव्या फोनांना अठरा महिने अपडेट देण्याचा जाहीर संकल्प सोडला. उद्यापनापर्यंत तो पोचलाच नाही. २०१३मध्ये तिथल्या नागरी हक्क संघटनेने चार नेटवर्क कंपन्यांविरुद्ध तक्रार गुदरली, की जुनं, भोकं पडलेलं सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणं ही फसवणूक आहे. २०१६मध्ये सरकारी नियामकांनी चौकशी लावली. ॲपलने मात्र २००७पासूनच अपडेटची दोरी स्वतःच्या हातात ठेवली होती. भारतात फोन सुटा मिळतो, सिम सुटं मिळतं. म्हणून नेटवर्क कंपनीने अपडेट दाबून ठेवलं, हा अमेरिकेतला आरोप इथे जशाच्या तसा लागू होत नाही. इथे दोरीची दोन टोकं दोघांच्या हातात आहेत आणि मध्ये गाठ कुणाची, हे लिहिलेलं नाही.

कणकुंबीला ही परिस्थिती निराळ्या संदर्भात ओळखीची आहे. म्हादईच्या पाण्याचा वाद याच परिसरातल्या कळसा नाल्यावरून पेटला. पण त्या वादाला निदान पक्षकार आहेत: कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र. २०१०मध्ये त्यांच्यासाठी लवाद नेमला गेला आणि १४ ऑगस्ट २०१८ला त्याने निवाडाही दिला. तो कुणाला पटला आणि कुणाला नाही, ती गोष्ट वेगळी. फोनच्या अपडेटबाबत ज्याचं नुकसान होतं तो गिऱ्हाईक पक्षकारच नसतो. करार फोन कंपनी आणि नेटवर्क कंपनीत, चाचण्या त्यांच्यात, वेळापत्रक त्यांचं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ने राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मोठी सोय दिली आहे. कणकुंबीच्या माणसाला बेळगावच्या आयोगापुढे जाता येतं. पण जाऊन म्हणायचं काय? फोन ५जी आहे हे खोटं नाही. नेटवर्क ५जी देतं हेही खोटं नाही. खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत ‘सुविधा नेटवर्कवर अवलंबून’ असं छापलं की दोन्ही सत्यांच्या मधल्या फटीवर पांघरूण पडतं.

चाचणीशिवाय अपडेट सोडणं घातक, असा पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. सदोष फोन स्वतः तर बंद पडतोच, शिवाय टॉवरला पुन्हापुन्हा हाका मारून शेजाऱ्यांचीही रेंज खातो. ११२ला लावलेला फोन लागला नाही तर जिवावर बेतू शकतं. २४ सप्टेंबर २०१४ला ॲपलने आयओएस ८.०.१ सोडलं आणि आयफोन ६चं नेटवर्कच गेलं. कंपनीने ते थोड्याच वेळात मागे घेतलं. चाळीस हजारांपेक्षा कमी फोनांना झळ बसली, असं तिने सांगितलं. पण याच उदाहरणाचा पुढचा भाग सहसा कुणी सांगत नाही. दुरुस्त केलेलं ८.०.२ दुसऱ्या दिवशी आलं. दोष कुणाचा हे ठरलेलं होतं म्हणून इलाजाला एक दिवस पुरला. शिवाय पूर्ण अँड्रॉइड तपासायला महिने लागतात हे मान्य केलं, तरी नेटवर्कची फाइल वेगळी, आकाराने चिमुकली आणि स्वतंत्र पाठवता येण्याजोगी असते. आयफोनवर ती कित्येकदा तशीच येते. ‘कॅरियर सेटिंग’ असं लिहिलेली छोटी चौकट उघडते आणि क्षणात काम होतं. ‘अपडेट केलं की फोन स्लो होतो’ म्हणून ते टाळणाऱ्यांची भीती निराधार नाही. जुन्या बॅटरीचे आयफोन आपण मुद्दाम मंदावतो, हे ॲपलने डिसेंबर २०१७मध्ये कबूल केलं होतं. पण फोन मंदावण्याइतकं या फायलीत काही नसतंच.

दुसरा आक्षेप शहरातून येतो: जिथे रेंजचीच मारामार, तिथे अपडेटचं काय घेऊन बसलात? मला वाटतं, गणित उलटं आहे. मुंबईत एक सोय चालली नाही तर पाच टॉवर मदतीला असतात. मुसळधार पावसात एकाच टॉवरच्या भरवशावर असलेल्या घरात फोनला जेवढ्या वाटा माहीत असतील तेवढं बरं. वाय-फाय कॉलिंगच बघा. घरात इंटरनेटची तार आली असेल, तर टॉवर मुळीच न मिळता साध्या नंबरवर साधा फोन लावता येतो. डोंगराआडच्या घराला याहून सोयीचं दुसरं काय असणार? एअरटेलने ही सोय डिसेंबर २०१९मध्ये आणली, जिओने जानेवारी २०२०मध्ये. आणि सुरुवातीला ती ठरावीक मॉडेलांवरच चालली, कारण पुन्हा तेच, प्रत्येक कंपनीची फाइल प्रत्येक फोनात. सप्टेंबर २०२५मध्ये बीएसएनएलच्या स्वदेशी ४जीचं, सुमारे ९७,५०० टॉवरांसह, उद्घाटन झालं. बाकीच्या कंपन्या जिथे जायला नाखूश असतात तिथे बहुधा हीच कंपनी असते. टॉवर उभा करायला सरकारने पैसा घातला, पण त्यावरून ४जीवर बोलता यावं यासाठी स्वस्तातल्या प्रत्येक फोनात बीएसएनएलची फाइल असावी, हे बघणं कुणाचं काम?

बाजार हे आपोआप सुधारील, असंही म्हटलं जातं. गूगलने ऑक्टोबर २०२३मध्ये पिक्सेल ८ला आणि सॅमसंगने जानेवारी २०२४मध्ये एस२४ला सात वर्षं अपडेट देण्याचं वचन दिलं, हे खरं. पण ते महागडे फोन आहेत, आणि वचन अँड्रॉइडचं आहे, तुमच्या सिमवर कुठली सोय चालेल याचं नाही. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४पासून सुरक्षा-अपडेट किती काळ मिळेल ते विक्रीच्या वेळीच सांगणं सक्तीचं केलं. युरोपीय संघात २० जून २०२५पासून नव्या मॉडेलांना, विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं अपडेट देणं बंधनकारक आहे. आपल्याकडच्या खोक्यावर कमाल किंमत, उत्पादकाचा किंवा आयातदाराचा पत्ता, महिना आणि वर्ष असतं. दुधाच्या पिशवीवर असते तशी ‘कधीपर्यंत’ची ओळ मात्र नसते.

ती आणायला नवं काही शोधावं लागणार नाही. फोनमधून शरीरात किती रेडिओ-ऊर्जा शोषली जाते त्यावर आपल्याकडे २०१२पासून किलोमागे १.६ वॅटची कडक मर्यादा आहे, आणि तो आकडा पाहायला दुकानदाराची गरज पडत नाही. *#०७# दाबलं की पुष्कळशा फोनांत तो पडद्यावर येतो, डोक्यासाठी एक आणि शरीरासाठी एक. त्या दोन ओळींखाली बरीच जागा मोकळी असते. हा फोन अमुक तारखेपर्यंत अपडेट घेईल, ही तिसरी ओळ तिथे मावेल. चौथी चार खान्यांची: जिओ, एअरटेल, व्होडाफोन आयडिया आणि बीएसएनएल, प्रत्येकासमोर व्होल्टे, वाय-फाय कॉलिंग आणि ५जी, ‘आहे’ किंवा ‘नाही’, आणि ‘नाही’ असेल तर कधी येणार ती तारीख आणि ती देणाऱ्या कंपनीचं नाव. खानापूरच्या दुकानात पैसे मोजायच्या आधी गिऱ्हाइकाने पाच बटणं दाबायची, एवढंच.