घुसखोरी आणि भौतिक सुरक्षा : विलंब व प्रतिसाद यांचा मेळ

आस्थापनेच्या भौतिक सुरक्षेचे परावृत्ती, शोध, विलंब व प्रतिसाद असे चार घटक मानले जातात. घुसखोरीची सूचना मिळाल्यानंतर कुलपे, जाळ्या व भक्कम दारे घुसखोराला जेवढा वेळ अडवतात, तेवढ्या अवधीत प्रतिसाद पथक पोहोचणे आवश्यक असते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे जवान हरियाणातील मानेसरहून दुसऱ्या दिवशी सकाळी येथे पोहोचले. या अनुभवानंतर २००९ मध्ये अंधेरीतील मरोळ येथे दलाचे केंद्र उभारून हे अंतर कमी करण्यात आले. महाविद्यालयांनाही हेच सूत्र लागू पडते. कॅमेऱ्याकडे पाहणारा, सूचना देणारा व धावून येणारा कोणी नसेल, तर त्यातील चित्रण केवळ घटनेनंतरचा पुरावा ठरते.