अनेक रकान्यांतील शोध: एक चिवट गैरसमज
‘जँगो’सारखी चौकट वापरून वेब ॲप्लिकेशन उभारणाऱ्यांत असा समज पक्का रुजलेला दिसतो की, शोधपेटीत आलेला मजकूर जसाच्या तसा प्रत्येक रकान्यात, म्हणजे फील्डमध्ये, ‘किंवा’ लावून शोधला की अनेक रकान्यांतील शोधाचे काम संपले. जयपूरशी निगडित ग्रंथांच्या सूचीवर तो ताडून पाहिला की लगेच कोसळतो. १७२७ मध्ये जयपूर वसवणाऱ्या सवाई जयसिंहांच्या आश्रयाला असलेल्या सम्राट जगन्नाथांनी युक्लिडची भूमिती नसीरुद्दीन तूसीच्या अरबी पाठावरून ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणली. सूचीत ग्रंथनाम एका रकान्यात असते, कर्त्याचे नाव दुसऱ्या. वाचकाने ‘जगन्नाथ रेखागणित’ असे टाइप केले की, हे दोन शब्द सलग कोणत्याच एका रकान्यात नसल्यामुळे, ग्रंथ सूचीत असूनही उत्तर शून्य येते.

मग घाईने शब्द सुटे करून सगळ्याच अटी ‘किंवा’ने जोडल्या जातात आणि शाहजहानकालीन ‘रसगंगाधर’कार जगन्नाथ पंडितही यादीत येऊन बसतात. वास्तविक ‘किंवा’ एकाच शब्दाच्या निरनिराळ्या रकान्यांमध्ये हवा (जँगोत ‘क्यू’ ऑब्जेक्ट उभ्या रेघेने जोडून तो लिहितात) आणि शब्दाशब्दांमध्ये ‘आणि’ हवा. जँगोच्या ॲडमिनमधील शोध याच नियमाने चालतो, आणि प्रत्येक शब्द किमान एका रकान्यात सापडलाच पाहिजे, हे त्याच्या अधिकृत दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेले आहे. ते वाचण्याची तसदी मात्र क्वचितच घेतली जाते. चूक टिकून राहते, कारण चाचणी एकाच शब्दाने घेतली जाते आणि एका शब्दापुरते तिन्ही पद्धतींचे उत्तर सारखेच येते.

इतर समज किरकोळ आहेत. जँगोच्या ‘फिल्टर’मध्ये स्वल्पविराम देऊन लिहिलेल्या अटी ‘किंवा’ने नव्हे, ‘आणि’नेच जुळतात. रकान्यावर नेहमीचा बी-ट्री इंडेक्स असला तरी शब्दाच्या मधला तुकडा शोधताना तो कामी येत नाही. त्यासाठी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांवर बांधलेला ट्रायग्रॅम इंडेक्स लागतो. संबंधित तक्ता शोधात घेतल्यावर एकच ग्रंथ दोनदा दिसला, तर नोंद दुबार झालेली नसते. तक्ते जोडताना ओळी वाढतात, आणि त्यावर ‘डिस्टिंक्ट’ हा उपाय आहे. लहान-मोठ्या अक्षरांचा भेद पुसला की लिपीचा प्रश्न मिटला, हे तर देवनागरीला लागूच नाही, कारण जयपूरजवळच्या किल्ल्याचे नाव असलेल्या ‘नाहरगढ़’मधील ‘ढ़’ एका संकेताने किंवा ‘ढ’ आणि नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) अशा दोन संकेतांनी साठवता येतो, डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात पण डेटाबेस त्यांना वेगळे मानतो, म्हणून नोंद साठवताना आणि शोधशब्द घेताना दोन्ही वेळा मजकूर एकाच युनिकोड रूपात आणावा लागतो.