बंद खाचेतले संगीत
ध्वनिमुद्रण हे संगीत जतन करण्याचे केवळ साधन नसून रचनेचे मूलद्रव्यही होऊ शकते, हे फ्रेंच रेडिओतील अभियंते पिएर शेफेर यांनी १९४८ मध्ये पॅरिसमधील बातिन्योल स्थानकावर मुद्रित केलेल्या वाफेच्या इंजिनांच्या आवाजांतून रचना घडवून दाखवून दिले. तेव्हा ते टेपऐवजी तबकड्यांवर काम करीत. तबकडीची सर्पिल खाच वर्तुळात मिटवली, की सुई पुढे न सरकता तोच तुकडा पुन्हापुन्हा वाजवते, आणि मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या गतीने जेमतेम पाऊण सेकंदाचा तो आवाज हळूहळू आपला उगम विसरायला लावून निव्वळ नाद आणि लय म्हणून ऐकू येऊ लागतो. प्रत्यक्ष ध्वनींपासून घडणाऱ्या अशा संगीताला शेफेर यांनी ‘म्युझिक काँक्रेत’, म्हणजेच मूर्त संगीत, असे नाव दिले.